नसलेल्या दारावरचा समन्स

दुपारी कुणी दार वाजवलं की आमची आत्या ते उघडत नसे. आतूनच विचारायची, "कोन होय जी?" बाहेरच्यानं नाव सांगितलं, काम सांगितलं, तरी कडी निघायची नाही. सगळं शांतपणे ऐकून घेऊन ती म्हणायची, "घरी कोनी नाही." बाहेरचा माणूस त्यावर हसायचा नाही आणि हुज्जतही घालायचा नाही. आमच्याकडे बाई घरात एकटी असली की असंच सांगायची रीत. 'कोनी नाही' म्हणजे घरात पुरुष नाही, नंतर या, हे सगळ्यांना कळायचं. पण इतर बायका निदान फटीतून डोकावून बघायच्या, आत्या तेही करत नसे. लहान असताना मी एकदा तिला विचारलं, "तू तं आहेस ना घरी, मंग कोनी नाही काहून म्हनतेस?" ती म्हणाली, "मी कायची कोनी? मी तं रखवालीले आहो."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा गेला. सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून परत पाठवलं आणि पुन्हा तिची चौकशी केली नाही. पुढं आपल्या पोरीला कुणी घराबाहेर काढू नये म्हणून माझ्या आजोबांनी गावातलं घर तिच्याच नावावर केलं. मी शाळेत असतानाच माझे वडील वारले. मग त्या घरात आत्या, आई आणि मी अशा तिघीच उरलो. आई धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सांभाळायची आणि आत्या घर सांभाळायची. दोघींचं रोज वाजायचं, पण एक आल्याशिवाय दुसरी ताटावर बसत नसे.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी होतं. 'होतं' असं मला अजून सहज म्हणता येत नाही. नदीवर धरण झालं, पाणी मागं मागं सरकत आलं आणि गाव उठवायचं ठरलं. तोवर माझं लग्न भंडाऱ्यात, पितळी भांड्यांच्या दुकानदाराच्या घरी झालं होतं. गिऱ्हाईक अर्धा तास घासाघीस करून काही न घेता निघालं की मी त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय सोडत नाही, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानातली पहिली वस्तू मी माहेरी नेली ती दाराची कडी. चांगली जड, ओतीव पितळेची. आमचं दार सागवानाचं, दोन फळ्यांचं, हिरव्या ऑइलपेंटचं. त्यावर ती कडी बसवली तेव्हा आत्यानं ती तीनदा वाजवून पाहिली आणि म्हणाली, "आता आवाज वळखू येते."

गाव उठायच्या आधी तिनं तालुक्याला जाऊन मृत्युपत्र केलं आणि घर माझ्या आईला दिलं. "मी काही येत नाही तुमच्या त्या नवीन गावाले," असं ती उठता बसता म्हणायची. आम्ही ते हसण्यावारी नेलं. पण त्याच उन्हाळ्यात एका दुपारी आई बांधीवरून परत आली, कडी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि आतून काहीच उत्तर आलं नाही. शेजाऱ्यांनी मागच्या सांदवाडीत, परसात, उडी मारून दार उघडलं. आत्या दाराशी बसली होती, पाठ फळीला टेकून.

मग काही महिन्यांतच गावाची निघानिघ सुरू झाली. आमच्याकडे घर सोडायचं तर छपराचे कवेलू न्यायचे, लाकडी फाटे न्यायचे, आणि दार तर चौकटीसकट न्यायचं. दार म्हणजे घर, असं मानतात. भिंती काय, कुठंही उभ्या राहतात. चौकट उपटण्याआधी घरच्या बाईनं उंबऱ्यापाशी दिवा लावून नारळ फोडायचा आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन म्हणायचं, "चला, नव्या घरी चला." हाक मारली नाही तर ती माणसं मागंच राहतात. आईनं आजोबांना हाक मारली, आजीला मारली, माझ्या वडिलांना मारली तेव्हा तिचा आवाज फुटला. मग ती आत्याचं नाव घेणार तेवढ्यात भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "लेकीचं नाव नाही घेत बाप्पा. लेक दिल्या घरची." आई थांबली. मजुरांनी चौकट उचलली आणि ट्रॅक्टरवर टाकली.

नवीन गावठाणात जुन्या घराच्या बदल्यात आईला जागा मिळाली. तिनं विटांचं घर बांधलं आणि त्याला ते हिरवं दार बसवलं. सरकारदरबारी नव्या गावाचं नावही तेच ठेवलं. कागदावर आमचं गाव हललंच नाही. ज्यानं कुणी ही सोय केली त्याच्या नावानं मी आजही बोटं मोडते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्यानंतर काही वर्षांनी, भादव्यात मी महालक्ष्म्यांसाठी माहेरी गेले होते. महालक्ष्म्या आदल्याच दिवशी उठल्या होत्या. दुपारी मी आणि आई पातेली घासत होतो. बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. कुणी कडीही वाजवेना. मी उठून दार उघडलं.

दारात एक उतारवयाचा माणूस उभा होता. खांद्याला कापडी पिशवी, हात कडीसाठी उचललेला, पण तसाच अधांतरी. माझ्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो दाराकडं बघत होता. मागं, मोटरसायकलला टेकून आत्याच्या दिराचा मुलगा उभा होता, सासरचा पुतण्या. आत्या जिवंत असताना तो एकदाही आमच्याकडं आला नव्हता.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"मी कोर्टाचा बेलिफ होय," तो माणूस म्हणाला. "ताबा वारंट आहे. पन हे दार... हे दार इथं कवापासून आहे?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "गाव उठलं तवापासून. जुन्या घरचंच होय."

बेलिफानं डाव्या फळीवर तळवा ठेवला. तिथं हिरवा रंग उडालेला होता, एका कागदाएवढा चौकोन. आईला तो कधीतरी दिसला होता आणि तिनं तो पोराटोरांचा उपद्व्याप म्हणून सोडून दिला होता. "इथंच लावला होता," तो हळूच म्हणाला. मग आईला म्हणाला, "बाई, रागावू नोका. एक बार म्हना, घरी कोनी नाही."

मी भडकले. "काय तमाशा लावला आहे जी? वारंट काय, दार काय!" पण आईनं मला हातानं मागं सारलं. आईनं विचारलं, "कायले म्हनू?"

"नाही, नाही," बेलिफ मागं सरकत म्हणाला. "हा आवाज नोहे. तो बुढीचा होता." त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि आभाळ तर भरून आलेलं, वारं थंड. पुतण्या मागून ओरडला, "काका, काम करा ना!" बेलिफानं त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. तो आम्हाला म्हणाला की बायामाणसांचं घर आहे, पोलीस आणि पंच असल्याशिवाय आज ताबा घेता येणार नाही, त्याआधी तुम्ही वकील गाठा. खटल्याचा नंबर लिहून दिला आणि निघाला. मोटरसायकलवर तो पुतण्याच्या मागं बसला नाही. फाट्यापर्यंत चालत गेला.

भंडाऱ्याच्या आमच्या गिऱ्हाइकांत एक वकीलबाई होत्या. वयानं माझ्याहून लहान, पण डोकं थंड. त्यांनी कोर्टातून कागद काढले आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. पुतण्याचं म्हणणं असं की घर आत्याचं, आत्याला मूलबाळ नाही, सबब तिच्या मागं सासरचा वारस म्हणून घर त्याचं आणि घराच्या बदल्यात मिळालेली जागाही त्याचीच. मृत्युपत्राचा त्यानं उल्लेखच केला नव्हता. आणि दाव्यात आईचा पत्ता घातला होता तो जुन्या गावातला, जुना घर नंबर. समन्स तिथं बजावला गेला असं कोर्टानं धरलं, आई हजर झाली नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागला.

"म्हणजे मला न विचारताच माझं घर गेलं?" आई म्हणाली. ती असं शुद्ध बोलते तेव्हा फार घाबरलेली असते.

"गेलं नाही अजून," वकीलबाई म्हणाल्या. "समन्स नीट पोचला नाही हे दाखवता आलं तर निकाल रद्द होतो. तुम्हाला आत्ताच कळलं, तेव्हा मुदतही आत्तापासून मोजा. बेलिफाचा अहवाल हा असा आहे, ऐका." आणि त्यांनी वाचलं की बेलिफ दुपारी घरी गेला असता दार आतून बंद होतं, आवाज दिल्यावर आतील स्त्रीनं 'घरी कोणी नाही' असं सांगितलं, दार उघडलं नाही, सबब समन्सची प्रत दारावर चिकटवली.

आईच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खाली ठेवला. "बाई!" एवढंच ती म्हणाली. आत्याला ती जन्मभर 'बाई'च म्हणत आली होती.

वकीलबाईंना ते कळलं नाही. त्या पुढं म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ती आतली बाई म्हणजे तुम्हीच. समन्स टाळायला खोटं बोललात. पूर्वीच्या कायद्यात घरातल्या पुरुषालाच समन्स देता यायचा, बाई मोजायचेच नाहीत. आता बाईही चालते. म्हणून तो आवाज महत्त्वाचा. तो आवाज तुमचा नाही आणि त्या घरात कोणी राहत नाही, हे तुम्ही शपथेवर सांगायचं."

परत येताना एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती. वरठीचा फाटा गेल्यावर एकाएकी म्हणाली, "घर गेलं तरी चालन. पन बाई तिथी नाही असं शपथ घेऊन म्हनाले लावू नोको मले." माझा इतका संताप झाला की काय सांगू. डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आणि हिला मेलेल्या नणंदेची भीड! मी बसमध्येच तिला काहीबाही बोलले. ती ऐकत राहिली. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते.

ताबा वारंटाला तात्पुरती स्थगिती मिळाली. पुढं उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, जुन्या घराचे फोटो लागतील. आई यायला तयार झाली नाही. "बाई मले हाक मारन तं मी ओ देईन," एवढंच कारण तिनं सांगितलं. मग आम्ही दोघीच गेलो. डांबरी रस्ता संपला तिथं ऑटो सोडला आणि भेगा पडलेल्या गाळावरून चालू लागलो. वेळ ऐन दुपारची.

मला वाटलं होतं गाव ओळखू येणार नाही. ते इतकं ओळखू आलं की नको झालं. घरांवर कवेलू नव्हते, भिंतींवर पाण्याची रेघ होती, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सगळ्या घरांना सारखी. आंब्याची झाडं उभीच्या उभी वाळून पांढरी पडली होती. एकही पाखरू नव्हतं. आमच्या चपलांचा आवाज पुढच्या गल्लीतून परत यायचा, जरा उशिरा. प्रत्येक घराच्या दाराच्या जागी नुसतं भगदाड. एकाही घराला दार नव्हतं. आमच्याही नाही. चौकट उपटली होती तिथं भिंत ढासळलेली आणि खाली उंबऱ्याचा दगड.

वकीलबाईंनी बाहेरून फोटो काढले. मग हसत, मला जरा धीर यावा म्हणून, त्यांनी हाक मारली, "आहे का कोणी घरी?"

कुणी उत्तर दिलं नाही. पण आम्ही दोघी आत गेलो नाही. समोर मोकळं भगदाड, आतली भिंत दिसत होती, कोनाडा दिसत होता, आणि आम्ही उंबऱ्याबाहेर खोळंबून उभ्या, जणू कुणी कडी काढायची वाट बघत. माझा हात वर उचलला गेला होता. कडी धरायला. मी तो खाली घेतला तेव्हा बोटं गार पडली होती, त्या उन्हात.

"चला," मी म्हणाले, आणि वकीलबाईंच्या आधी आत शिरले.

आत गाळ वाळून तडकला होता, सगळीकडं सारखा. कुणाच्या पावलाची खूण नव्हती. फक्त कोनाडा स्वच्छ होता. त्या कोनाड्यात आत्या पानाचा डबा आणि घरातले कागदपत्र ठेवायची. आता तिथं एक कागद होता, चार घड्यांचा, वर चपटा दगड ठेवलेला. मी तो उलगडला. आईच्या नावाचा समन्स. त्याच्या पाठीवर वाळलेली खळ होती आणि खळीला चिकटलेले हिरव्या रंगाचे पापुद्रे.

वकीलबाईंनी कागद हातात घेतला, उलटा केला, दाराच्या भगदाडाकडं पाहिलं. "बेलिफ लोक कुठंही चिकटवतात," त्या म्हणाल्या. मग कागदाची घडी घालत, "ताई, निघू या आपण." परत जाताना त्या माझ्यापुढं चालत होत्या, आणि एकदाही मागं वळल्या नाहीत. मी वळले. कुणी नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरी पुन्हा वळायची हिंमत झाली नाही.

सुनावणीच्या दिवशी आई पांढरी साडी नेसून आली. पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा ती मला फार लहान दिसली. तिनं शपथ घेतली, दार कधी काढलं ते सांगितलं, नव्या घराच्या पूजेचा फोटो दाखवला, त्यात ते हिरवं दार होतं. मग समोरच्या वकिलांनी विचारलं, "बाई, त्या जुन्या घरी कोण राहतं?"

आईनं पिंजऱ्याचा कठडा धरला. न्यायाधीशांनी मान वर केली. पुतण्या बाकावर पुढं सरकून बसला. हिनं 'कोणी नाही' म्हटलं की घर वाचेल, आणि 'बाई राहते' म्हटलं की सगळं संपलं, तो आवाज घरच्याच माणसाचा ठरला. मी मनातल्या मनात हात जोडले, आईला की आत्याला ते मलाही सांगता येणार नाही.

"जित्तं मानूस कोनी नाही," आई म्हणाली.

न्यायाधीशांनी सांगितलं तसं लिहिलं गेलं की सदर घरात कोणीही राहत नाही. आईनं ते ऐकलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला.

मग बेलिफ उभा राहिला. तो निवृत्तीला आला होता आणि वर्षभरात फारच वाळला होता. त्यानं सांगितलं की तो बदलून नवीनच आला होता, एक गाव दोन ठिकाणी आहे हे त्याला माहीत नव्हतं. फाट्यावर म्हशी राखणाऱ्याला गावाचं नाव विचारलं, त्यानं खाली हात दाखवला. आमच्या वकीलबाईंनी विचारलं, घर कुणी दाखवलं? कुणी नाही. पंच कोण होते? कोणी नव्हते. का घेतले नाहीत? "मानूसच नव्हता मॅडम तिथी," तो म्हणाला. मग घर कसं ओळखलं? "साऱ्या घरांत त्या एकाच घराले दार होतं."

समोरच्या वकिलांनी ही संधी सोडली नाही. ते पुढं आले आणि गोड आवाजात म्हणाले, "दार हिरवं होतं, पितळी कडी होती. बरोबर? तसंच दार नव्या घराला आहे आणि त्यावर कागदाची खूण आहे. म्हणजे तुम्ही नव्याच घरी गेला होता, समन्स तिथंच लावला, आणि आतून बोलली ती हीच बाई. अहवालात फक्त जागेची गफलत झाली. असंच ना?"

म्हाताऱ्यानं 'हो' म्हटलं असतं तर त्याची अब्रू वाचली असती. नोकरीच्या शेवटी कुणाला वेडा म्हणवून घ्यायचं असतं? आणि आमचं घर गेलं असतं. त्यानं आईकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही.

"नाही जी," तो म्हणाला. "दार तेच होय. जागा थे नोहे. मी जुन्याच गावात गेलतो. पाय गाळात रुतले होते माझे."

"एक दार दोन ठिकाणी कसं असेल?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मले नाही समजत साहेब. मी दोन बार आवाज देल्ला. आतून बुढी बोलली. मी खळ लावून कागद चिटकवला. फळी गरम होती, उन्हानं."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. निकालात त्यांनी दाराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. घर कुणी दाखवलं त्याचं नाव नाही, पंचांच्या सह्या नाहीत, घर निर्जन असल्याचा पुरावा आहे, सबब बजावणी झाली असं म्हणता येत नाही, एवढंच. एकतर्फी निकाल रद्द, ताबा वारंट रद्द, दावा पुन्हा चालवावा, दोन्ही बाजू ऐकून. तो दावा अजून चालू आहे. पण आता आई समोर असते, मृत्युपत्रही समोर आहे, आणि पुतण्याचा आवाज बराच खाली आला आहे.

बाहेर आल्यावर वकीलबाई हळूच मला म्हणाल्या, "बेलिफानं अहवालात 'गाव उठलेलं, घर ओसाड' एवढंच लिहिलं असतं ना, तर कोर्टानं पेपरात नोटीस छापायला लावली असती. ती तुम्ही वाचली नसती, पण कायद्यानं पोचली असती. मग अवघड होतं. त्या आवाजानं वाचवलं तुम्हाला." मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या घाईघाईनं ऑटो शोधू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नारळ, दिवा आणि ओटीचं सामान घेऊन तयार झाली. भावकीतला तोच म्हातारा ओट्यावर बसला होता. कुठं निघाल्या ते कळल्यावर म्हणाला, "लेक दिल्या घरची होय, किती बार सांगू?" माझ्या आईला मी कुणाला उलटून बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "दिल्या घरानं तं कोर्टात वढलं जी," ती म्हणाली. "अन् घर राखलं कोनं? आता सांगा, लेक कोनाची?" म्हाताऱ्यानं तंबाखू मळायला घेतली.

या वेळी आम्ही मायलेकीच गेलो. मी घराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली आईनं कमरेला खोचली. जुन्या गावात पाणी पुन्हा चढायला लागलं होतं, गल्लीच्या तोंडाशी चकाकत होतं. उंबऱ्याच्या दगडावर आईनं दिवा लावला. तिनं आत्याची ओटी भरली, त्या रिकाम्या भगदाडासमोर, विधवेची ओटी भरत नाहीत हे ठाऊक असून. नारळ फोडला. आणि मग तिनं आत्याला नावानं हाक मारली. सगळ्या जन्मात तिनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. "चला बाई. चुकी झाली आमची. नव्या घरी चला."

दिव्याची ज्योत हलली नाही. कुठं काही झालं नाही. मला उगाच रडू आलं, आणि आईच्या देखत रडायला नको म्हणून मी तिला म्हटलं, "झालं का तुझं? ऊन किती आहे." आम्ही परत निघालो. मागं कुणी चालतंय असं मला वाटलं नाही, उलट पुढंच कुणी गेलंय असं वाटत होतं.

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गल्ली सामसूम. आमच्या दारापुढच्या छपरीत तो म्हातारा बेलिफ बसला होता, चपला बाजूला नीट काढून ठेवलेल्या. आता निवृत्त होतो आहे, जीवाला चैन पडेना, तुमची माफी मागायला आलो, असं म्हणत तो उठला. आईनं त्याला विचारलं, बराच वेळ झाला का येऊन?

"झाला थोडा," तो म्हणाला. "कडी वाजवली, आवाज देल्ला. आतून सांगतलं, घरी कोनी नाही. मनलं बसू, येतीन तुम्ही." मग त्याची नजर आमच्या नजरेमागून दाराकडं गेली. त्याला कुलूप तेव्हा दिसलं. तो पुन्हा खाली बसला.

मी आईचा दंड धरला. आईनं तो सोडवला. कमरेची किल्ली काढून ती दारापाशी गेली, पण किल्ली कुलपाला लावण्याआधी तिनं कडी वाजवली.

"मी होय, बाई," ती म्हणाली, आणि वाट बघत उभी राहिली.